हिरव्या ड्रमची नळी

गाडीत चार ड्रम होते, तीन निळे आणि एक हिरवा. प्रत्येकात एकशे ऐंशी लिटर पाणी आणि सहाशे बोटुकली, म्हणजे बोटभर वाढलेली रोहूची पिल्लं. ड्रमांच्या तोंडांवर मच्छरदाणीचं कापड बांधलेलं. त्यातून आत गेलेल्या चार नळ्या, आणि त्या जिथे एकत्र येत होत्या तिथे गाडीच्या फाळक्याला लोखंडी पट्टीने कसलेला एक हवापंप. पंपाची वायर गाडीच्याच बॅटरीला जोडलेली. पाने दोन, जॅक नाही. माझ्या पिशवीत पाण्यातला ऑक्सिजन मोजायची पेटी, थर्मामीटर आणि मोजपट्टी. माणसं तीन. आणि गाडी उभी होती रस्त्याच्या एका खोलगट भागात. पुढे चढ, मागे चढ, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं.

दुर्योधनभाऊंनी किल्ली फिरवली. करर्रर्र.

लोखंडाच्या जात्यात कुणी खडे भरडावेत तसा आवाज होता. इंजिन जागचं हललं नाही.

"म्हातारी खाकरते," दुर्योधनभाऊ हसून म्हणाले. पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा तोच आवाज, थोडा लांब. या वेळी ते हसले नाहीत.

आम्हाला थांबवलं होतं एका बैलजोडीने. पोळ्याचा दिवस. नाल्यावरून धुऊन आणलेले दोन पांढरे बैल अंगावरचं पाणी झटकत रस्त्यात आले, दुर्योधनभाऊंनी ब्रेक दाबला आणि इंजिन आचका देऊन बंद पडलं. एरवी ही गाडी गावातल्या दुकानांची पोती वाहायची. पोळ्याला दुकानं बंद, म्हणून ती आज माशांच्या वाट्याला आली होती.

मागे ड्रमांच्या मधे पोत्याची घडी करून पारबतामावशी बसल्या होत्या. मासेमारी करणाऱ्या ढिवर बायकांच्या गटाच्या त्या प्रमुख. हात एका ड्रमच्या पोटावर ठेवलेला, ताप बघावा तसा.

"काय झालं रे दुर्योधन?"

"काई नाई मावशी. चालू होते आता."

मी पंपाकडे पाहिलं. तो चालू होता. इंजिन चालू असतं तेव्हा बॅटरी भरत राहते. आता ती फक्त रिकामी होणार होती, आणि सेल्फ मारण्याचा प्रत्येक प्रयत्न तिच्यातूनच जाणार होता. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मी नुकती एका संस्थेत लागले होते. माझं त्या दिवशीचं काम एवढंच होतं की वाटेत पाणी तपासत राहायचं. मी पहिल्या निळ्या ड्रममधून बाटली भरली, औषधं घातली आणि थेंब मोजले. लिटरला पाच मिलिग्रॅम. पाच ठीक असतो. तीनला मासे वर येऊन हवा गिळू लागतात. दोनच्या खाली रोहू फार वेळ टिकत नाही.

हिरव्या ड्रममध्ये साडेचार भरला.

मागच्या उन्हाळ्यात गावचा तलाव आटून तळापर्यंत फाटला होता. त्यात माशांचं बीजसुद्धा उरलं नव्हतं. चार बायकांनी घरामागच्या आपापल्या बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, पावसाळाभर ही पिल्लं वाढवली. कोंडा, शेंगदाण्याची पेंड, रोज दोन वेळा. पाऊस ओढ देऊन बसला आणि बोड्याही उतरू लागल्या, तेव्हा बोटुकली आत्ताच तलावात हलवायची असं ठरलं. मी सकाळी पोचले तोवर ड्रम भरून, बांधून तयार होते. वाटेत मी मावशींना विचारलं होतं, की सगळी एकाच तलावात सोडल्यावर कुणाची कोणती हे कसं ओळखणार?

"वळखाचं कायले?" त्या म्हणाल्या होत्या. "तलावात जिती उतरली, तेवढा तिचा जाळ्यात वाटा. मेली त नाई."

"आणि सगळीच मेली तर?"

"त त्या साली जाळ्याले हात नाई लावाचा. पाळीवर बसून पाहाचं."

पाळ म्हणजे तलावाचा बांध. हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं होतं, बाजाराचा दिवस सांगावा तसं. गटाचा तो नियम त्यांच्या सासूच्याही आधीचा होता.

बैलवाला अजून तिथेच होता. माझ्याच्याने राहवलं नाही. मी उतरून त्याला म्हणाले, "दादा, बैल जोडून गाडी चढावर काढता येईल का? वर नेली की उतारावर सोडून चालू होईल."

त्याने एका बैलाच्या खांद्यावर हात ठेवला. मागून मावशी म्हणाल्या, "नको विचारू पोरी."

"मॅडम," बैलवाला म्हणाला, "काल सांजेले यायचे खांदे शेकले. लोणी लावलं. आज त्या खांद्यावर जू ठेवू का, तुमीच सांगा."

"पण चोवीसशे जीव आहेत."

"हाव. दिसते मले." त्याने बैलांचा कासरा पळसाला बांधला. "बैल नाई देत. मी येतो ढकलाले."

आम्ही चौघांनी ढकललं. सातशे वीस किलो नुसतं पाणीच होतं. गाडी चढाला हातभर लागली आणि मागे आली. दुसऱ्यांदा माझी चप्पल चिखलात राहिली. तिसऱ्यांदा बैलवाला स्वतःच थांबला.

"पाणी सांडा थोडं," तो म्हणाला.

"पाणी सांडलं त मासे कायच्यात ठेवू? तुह्या टोपीत?" मावशी म्हणाल्या.

तो कसनुसा हसला. शेजारच्या बांधीत घोटाभर पाणी होतं, पण तिच्यावरून कीटकनाशकाचा उग्र वास येत होता. त्या पाण्याचा विचारसुद्धा करण्यात अर्थ नव्हता. मोबाईलला रेंज नव्हती.

दुर्योधनभाऊंनी परत किल्ली फिरवली. करर्रर्र. पंपाचा सूर त्या आवाजाबरोबर खाली गेला आणि पुरता वर आलाच नाही.

"थांबा," मी म्हणाले. "असं मारत नका बसू. आधी कळू दे काय बिघडलंय."

"बॅटरी उतरली असन, दुसरं काय?"

"बॅटरी उतरल्यावर असा आवाज येतो का?"

त्यांनी डोकं खाजवलं. "नाई. तवा टिकटिक करते, मंग गप."

"हेडलाइट लावा. मी पुढे उभी राहते. एकदाच सेल्फ मारा, अगदी थोडा."

भर दुपार होती. दिव्यावर ओंजळ धरून मी आत पाहत राहिले. करर्र. दिवा जरासा पिवळा झाला, तेवढाच. सेल्फची मोटर जेव्हा खरोखर इंजिन फिरवते तेव्हा तिला इतकी वीज लागते की दिवा झपकन बसतो. इथे तसं काही झालं नाही. म्हणजे मोटर फिरत होती, पण तिच्यावर ओझंच पडत नव्हतं.

मी ते सांगितलं. दुर्योधनभाऊ खाली उतरले, दोन्ही मुठी एकमेकींजवळ धरून म्हणाले, "म्हंजे दाताले दात नाई लागत. सेल्फचं हे बारकं चाक. ते पुढं येते आन इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या दातात बसते. बसलं नाई का करर करते."

"का बसत नसेल?"

"एका जागचे दात झिजले असन मोठ्या चाकाचे. इंजिन बंद पडते त घडीघडी त्याच जागी थांबते."

"मग ते मोठं चाक थोडं फिरवलं तर सेल्फसमोर चांगले दात येतील."

"हाव. वरच्या गिअरात टाकून ढकला. ईतभर सरकली तरी चालते."

आम्ही वीतभर सरकवली. करर्र. आणखी वीतभर. करर्र. बैलवाल्याने खांदा लावून मागे रेटली, तिथेही करर्र. झिजलेल्या जागा एक किंवा दोन असतील, सगळ्या तर नसतील. आमचा अंदाज चुकला होता, आणि तो तपासायला आम्ही तीन वेळा बॅटरी खर्च केली होती.

बैलवाल्याने घाम पुसला. "तोरण तुटलं का गावातून मानसं पाठवतो," तो म्हणाला. पोळ्याचं तोरण संध्याकाळी तुटतं, हे मलाही माहीत होतं. तो बैल घेऊन गेला. बैलांच्या गळ्यातल्या घंटा बराच वेळ ऐकू येत होत्या.

त्या थांबल्या तेव्हा दुसरा आवाज ऐकू आला. पुट्. पुट् पुट्. ड्रमांमधून.

मी कापडावरून वाकून पाहिलं. बोडीच्या चिकणमातीचं गढूळ पाणी, आणि त्यावर नुसती तोंडं. शेकडो गोल तोंडं, उघडत मिटत. पहिल्या निळ्यात तीन भरला. बाकी दोन्हीतही तीनच. हिरव्यात अडीच. तो उन्हाच्या बाजूला होता, म्हणून त्यात कमी भरत असेल, असं मी धरलं. पंपाचे बुडबुडे आता एकेक मोजता येतील इतके विरळ झाले होते.

"मावशी, पंपात चार ड्रमांना पुरेल एवढी हवा नाही," मी म्हणाले. "अशीच चौघांत वाटली तर चारही जातील."

"आन तिघांत वाटली त?"

"तर तीन कदाचित राहतील."

दुर्योधनभाऊ बॉनेट उघडत होते. त्यांचा हात तिथेच थांबला, पण ते वळले नाहीत.

पारबतामावशींनी कमरेच्या गाठीतून जाळं विणायचा नायलॉनचा दोरा काढला. हिरव्या ड्रमकडे सरकल्या, त्याची नळी दुमडली आणि दुमडीवर दोऱ्याचे वेढे घेऊन गाठ मारली. सगळं जाळ्याचा फाटका डोळा सांधावा तितक्या सवयीने. बाकीच्या तीन ड्रमांत बुडबुडे दाट झाले.

"हिरवाच का?" मी विचारलं.

"त्यातली बारकी हायेत," त्या म्हणाल्या. "बारकी तशीबी कमी जगतेत."

"कोणाची आहेत?"

"हायेत एका बाईची."

"तिला काय सांगायचं?"

"सांगीन मी. तू गाडी पाह्य."

त्यांचा मला रागच आला. दुसऱ्या बाईचं वर्ष त्यांनी एका गाठीत संपवलं होतं, आणि वर मलाच कामाला लावत होत्या. पण उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी बॉनेटखाली डोकं घातलं.

"दात झिजलेले नाहीत असं धरू," मी दुर्योधनभाऊंना म्हणाले. "मग दात दातापर्यंत पोचत का नाहीत? सेल्फ बसवलाय कसा?"

"दोन बोल्टांवर. इंजिनाच्या बाजूले, खाली."

"तुम्ही किल्ली फिरवा. एवढुशी. मी बघते."

खाली अंधार होता आणि तापलेल्या डिझेलचा वास. मी मोबाईलचा दिवा धरला. करर्र. आणि त्या क्षणी सेल्फ, तो अख्खा लोखंडी डबा, बोटभर बाजूला उचलला गेला आणि परत बसला.

"तो हलतोय," मी म्हणाले. "फिरायला लागला की तोच इंजिनापासून दूर ढकलला जातोय. टोकाला टोक घासतंय फक्त."

मी बोट घालून चाचपलं. खालचा बोल्ट होता, ढिला. वरच्या बोल्टाच्या जागी नुसतं भोक.

"वरचा बोल्ट पडलाय."

"पडला नाई," दुर्योधनभाऊ म्हणाले.

मी डोकं बाहेर काढलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, मागे फाळक्याकडे पाहत होते. पंपाच्या पट्टीकडे.

"मागल्या हप्त्यात पंप बसवताना पट्टीचा बोल्ट तुटला. त्याच मापाचा गाडीत हाच होता. गाडी त मी रोज पाळीच्या उतारावरून सोडून चालू करतो. म्हटलं, सेल्फ लागते कोठी आपल्याले? मंग ध्यानातूनच गेलं."

"म्याच काढाले लावला," मावशी मागून म्हणाल्या. "पंप हालला का हवा तुटते. मासे न्याची गाडी हाये का वरातीतली?"

"वरातीतली असती त बरं होतं," दुर्योधनभाऊ म्हणाले. "नवरदेवानं धक्का तरी मारला असता."

मी पाना घेऊन फाळक्याकडे गेले. बोल्ट जुना, गंजका, पट्टीत रुतून बसला होता. मावशींनी चालता पंप दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला आणि घट्ट धरला. आम्ही आळीपाळीने पाना लावला. तो दोनदा निसटला. दुसऱ्यांदा माझ्या बोटांची सालटी निघाली. दुर्योधनभाऊंनी बोल्टावर डिझेलचे थेंब सोडले, थांबले, परत रेटलं. बोल्ट केसभर फिरला.

त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की हिरव्या ड्रममधला पुट्पुट् आवाज थांबलाय.

मी मावशींकडे पाहिलं. ड्रम त्यांच्या पाठीशी टेकलेला होता. त्यांचे दोन्ही हात पंपाभोवती होते. त्या समोर, धानाकडे पाहत होत्या.

"निंगला का?" त्यांनी विचारलं.

"निघतोय."

"मंग माह्याकडं काय पाहतं? बोल्टाकडं पाह्य."

बोल्ट निघाला. दुर्योधनभाऊ गाडीखाली सरकले, मी वरून दिवा धरला. वरचा बोल्ट बसवला, खालचा आवळला. ते बाहेर आले तेव्हा पाठीला सगळा रस्ता चिकटलेला होता.

"एकच दम हाये बॅटरीत," ते म्हणाले. "पंप बंद करा लागते."

मी मावशींकडे पाहिलं. त्यांनीच वायर ओढून सोडवली. तिन्ही ड्रमांमधले बुडबुडे थांबले. अचानक इतकं शांत झालं की बांधीतले बेडूक ऐकू आले.

किल्ली फिरली. करर नाही. एक जड, दमलेला आवाज, धग्… धग्… मधे एवढी जागा की आता संपलंच असं वाटावं. हेडलाइट लावलेलाच राहिला होता. तो समोरच्या गवतावर दिसेनासा झाला. दुर्योधनभाऊंनी हात मारून तो बंद केला. धग्. आणि मग काळ्या धुराचा एक लोट, आणि अख्खी गाडी थरथरू लागली.

मावशींनी वायर जोडली. पंप एकदम जोरात वाजू लागला. मी हिरव्या ड्रमच्या नळीची गाठ सोडायला गेले तर सुटेना. मावशींनी दातांनी दोरा तोडला.

तलावावर तिघी बायका नव्या लुगड्यांत वाट पाहत होत्या. तलावात आता पाणी होतं, अर्ध्या पाळीपर्यंत. दुर्योधनभाऊंनी नेहमीसारखी मागची चाकं पाण्यात जाईपर्यंत गाडी मागे घेतली. बीज वरून ओतायचं नसतं, पाण्याला पाणी लावून सोडायचं असतं. फाळका पाडला.

"लई उशीर केला बाप्पा," एक बाई म्हणाली. मग तिने आमची तोंडं पाहिली. "कोणाची गेली?"

दुर्योधनभाऊंनी हनुवटीने हिरवा ड्रम दाखवला.

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग त्यातली सर्वांत लहान हळूच म्हणाली, "हिरव्यात त तुहीच होती ना, मावशी?"

"हाव," पारबतामावशी म्हणाल्या. "निळे सोडा अगुदर. ऊन लागते त्यायले."

तिघींनी निळे ड्रम एकेक करून आडवे केले. पिल्लं पाण्यात उतरत होती, क्षणभर काठाशी थबकत होती आणि मग दिसेनाशी होत होती. पहिल्या निळ्यात सत्तावीस मेलेली निघाली, दुसऱ्यात एकतीस, तिसऱ्यात अडतीस. हिरव्यातली मी सगळी उपसली. चव्वेचाळीस जिवंत होती. ती मावशींनी दोन्ही ओंजळींनी सोडली, आणि पदराला हात पुसत पाळीवर जाऊन बसल्या.

मी मेलेल्यांतली प्रत्येक ड्रमची पंचवीस पोत्यावर मांडली आणि मोजपट्टी काढली.

"आता मोजून काय करता मॅडम?" दुर्योधनभाऊ म्हणाले. "गेली ते गेली."

मी तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकेक मोजत गेले. अंधारायला लागलं होतं. लांब कुठल्या तरी गावात पोळा फुटल्याचा गलका झाला. मी दोनदा मोजलं.

तिन्ही निळे ड्रम, सरासरी लांबी आठ पूर्णांक सहा सेंटीमीटर. हिरवा ड्रम, अकरा पूर्णांक चार.